‘लपाछपी’ : एका अल्पखर्ची भयपटाविषयीं

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली, तेव्हां आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी एका भुताच्या चित्रपटाविषयीं कुजबुजतांना आम्हांस आढळले. चित्रपट मराठी, नांव ‘लपाछपी’. तो जुलै २०१७ मध्यें प्रथम प्रदर्शित झाला, म्हणजे नवा नव्हे. परंतु हल्लीं चित्रपटगृह खिशांतच असल्यामुळें जुनें-नवें हा भेद मुलांस राहिलेला नाहीं. पुढें आठ दिवसांनीं एका विद्यार्थिनीच्या वडिलांनीं आम्हांस फाटकाशीं गांठून विचारलें, “गुरुजी, असले चित्रपट मुलांस पाहूं द्यावेत काय?” न पाहतां उत्तर देणें आम्हांस प्रशस्त वाटेना, म्हणून आम्हीं तो पाहिला. भुताखेतांवर आमचा विश्वास नाहीं. तरी त्या रात्रीं ओटीवरचा दिवा आम्हीं मालविला नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे.

दिग्दर्शक श्री. विशाल फुरिया यांनीं ही कथा मोजक्या माणसांवर उभी केली आहे. नेहा नांवाची आठ महिन्यांची गरोदर स्त्री, देणेकऱ्यांच्या तगाद्यामुळें शहर सोडून, आपल्या पतीसह त्याच्या गाडीचालकाच्या गांवीं येऊन राहते. घर एकाकी, चोहोंकडे ऊंस. चालकाची बायको तुळसाबाई तिची फार निगा राखते. पुढें उंसांतून मुलांचें हंसणें ऐकूं येऊं लागतें. तेथें मुलें असावयाचें कारण नसतें. याहून अधिक आम्ही सांगत नाहीं. रहस्य फोडणाऱ्या मित्रावर मुलें किती चिडतात हें आम्हांस ठाऊक आहे.

राजवाडा नाहीं, मोठी सेना नाहीं, डोळे दिपविणारें यंत्रकौशल्य नाहीं. एक घर, एक शेत आणि चार-पांच पात्रें. परंतु ऊंस म्हणजे काय हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आपलें नागापूर आज कारखान्यांचें गांव झालें असलें, तरी गळिताच्या हंगामांत मनमाड रस्त्यानें उंसाच्या गाड्या जातातच, आणि आपल्यापैकीं कित्येकांचें आजोळ राहुरीस, नेवाशास किंवा श्रीरामपुराकडे आहे. वाढलेला ऊंस माणसाच्या डोक्यावर जातो. आंत दोन सऱ्या ओलांडल्या कीं दिशा कळत नाहीं, पात्यानें हात-तोंड कापतें, आणि वारा सुटला कीं कोणी मागून येत आहे असें वाटतें. त्यांत आपल्या जिल्ह्यांत बिबट्याची मादी उंसांतच पिलें घालते, हें लहान पोरासही माहीत आहे. दिग्दर्शकास भीति विकत आणावी लागली नाहीं. ती शेतांत उभीच होती. शिवाय त्यानें ती बहुतेक भर उन्हांत दाखविली आहे. अंधारांत भिवविणें सोपें. दुपारीं बारा वाजतां भिवविण्यास हात कसलेला असावा लागतो. श्रीमती उषा नाईक यांनीं उभी केलेली तुळसाबाई तर अशी आहे कीं, तिच्या मायेच्या शब्दानेंच अंगावर कांटा येतो.

थोडक्या पैशांत भय निर्माण करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. रॅमसे बंधूंनीं ‘दो गज जमीन के नीचे’ हा हिंदी चित्रपट १९७२ सालीं काढला, तो महाबळेश्वरीं घरचींच माणसें घेऊन. सात भाऊ; कोणी लेखन करी, कोणी ध्वनि सांभाळी, कोणी कॅमेरा. त्या कुटुंबाचा उद्योग कौतुकास्पद खरा. पण त्या धाटणीच्या चित्रपटांविषयीं आमची एक तक्रार आहे. त्यांत भुतापुढें क्रूस धरला कीं तें किंचाळत पळतें, आणि भुतास राहावयास जागा हवी झाली कीं ख्रिस्ती स्मशानभूमि हमखास सांपडते. जेथें आमचे आईबाप निजले आहेत, तेथें आम्ही फुलें घेऊन जातों. आणि क्रूस हें कांहीं भूत हांकण्याचें साधन नव्हे. ‘लपाछपी’त असला प्रकार नाहीं, याबद्दल आम्ही आभारी आहों.

आतां उणीवा. एकाएकीं मोठा आवाज करून दचकविण्याची युक्ति वारंवार योजली आहे. तिसऱ्या वेळीं ती फुकट जाते. उंसांतील धांवपळ लांबली आहे. उत्तरार्धांत तर सर्व कांहीं समजावून सांगण्याचा सोस इतका, कीं आम्हांस आमचाच तास आठवला. ह्याच दिग्दर्शकानें २०२१ सालीं ‘छोरी’ या नांवानें हिंदींत हीच कथा अधिक साधनांनिशीं पुन्हां केली. तरी आम्हांस मराठी चित्रपटाचें साधेपणच अधिक झोंबलें.

खरी उणीव मात्र पैशाची नाहीं. हा चित्रपट मुलगी नको म्हणून तिचा जीव घेणाऱ्या समाजाविषयीं आहे, आणि तें पाप त्यानें एका ओसाड घरांत, एका अडाणी म्हातारीच्या पदरीं बांधलें आहे. प्रेक्षक मनांत म्हणतो, ‘हे लोक आपण नव्हे.’ २००१ च्या खानेसुमारींत महाराष्ट्रांत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागें ९१३ मुली होत्या; २०११ सालीं त्या ८९४ झाल्या. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यांत तर ८०७. गर्भलिंगनिदानाविरुद्ध आपल्या राज्याचा कायदा १९८८ चा, देशाचा १९९४ चा. म्हणजे कायदे असतांना ही घट झाली. ती काय उंसांतल्या म्हाताऱ्यांनीं केली? ती पांढऱ्या भिंतींच्या, पंखा लावलेल्या खोल्यांत झाली, आणि तेथें जाणारे पगारदार व शिकलेले होते. निर्गमाच्या पहिल्या अध्यायांत फारोनें मुलगे मारण्याचा हुकूम दिला, आणि शिप्रा व पुवा या दोन सुइणींनीं तो मोडला. आपल्याकडे मुलींविरुद्ध कोणा राजाचा हुकूम नव्हता, आणि नको म्हणणारी सुईणही दुर्मिळ झाली. भूत दाखविण्यास थोडा पैसा पुरला. ही पांढरी खोली दाखविण्यास मुळींच लागला नसता. तें धाडस मात्र राहून गेलें.

इतकें असूनही त्या पालकांस आम्हीं सांगितलें कीं, लहानांस दाखवूं नये. नववी-दहावीच्या मुलींस व विशेषेंकरून मुलग्यांस दाखवावा. पण पांघरुणांत मोबाईल धरून नव्हे, आईबापांच्या शेजारीं बसून.

त्यांनीं तसें केलें. नाताळापूर्वीं पुन्हां फाटकाशीं भेटले. चित्रपट संपल्यावर मुलीनें त्यांस एवढेंच विचारलें, “बाबा, दादा झाला तेव्हां तुम्ही पेढे वाटले. मी झालें तेव्हां काय वाटलें?” ते म्हणाले, “गुरुजी, मी बर्फी म्हणालों, आणि मग तिच्याकडे पाहवेना.” आम्हांसही कांहीं बोलतां आलें नाहीं. आमची थोरली कन्या झाली, तेव्हां आम्हींही बर्फीच आणली होती, आणि तीही पाव शेरच.