बंदी जातीवर, मोकळीक बाजाराला

२०२४ च्या ऑगस्टमध्ये हणजूण परिसरात पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांच्या मुलाचा बळी गेला आणि आक्रमक जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालण्याच्या मागणीने गोव्यात जोर धरला. तिचे पर्यवसान २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात झाले. प्राण्यांचे प्रजनन व पाळणूक यांचे नियमन आणि हल्ल्यातील पीडितांना नुकसानभरपाई, अशी दुहेरी उद्दिष्टे असलेले विधेयक विधानसभेने संमत केले. सरकार ज्या जाती हिंस्र म्हणून अधिसूचित करील, त्यांची पैदास, विक्री व पाळणूक रोखणे, आधीपासून घरात असलेल्या अशा कुत्र्यांची ठरावीक मुदतीत नोंदणी व निर्बीजीकरण करून घेणे आणि हल्ला झाल्यास मालकाला जबाबदार धरणे, हा त्याचा गाभा आहे.

कोवळा जीव गेल्यावर सरकारने हातावर हात ठेवून बसावे, असे कोणी म्हणणार नाही. पिटबुल किंवा रॉटवायलर चावला तर होणारी जखम पामेरियनच्या चाव्यासारखी नसते. त्यामुळे बलदंड कुत्र्यांसाठी नियम कडक असावेत, हेही रास्तच आहे. प्रश्न एवढाच उरतो, की जातींची यादी हातात घेऊन पुढचा हल्ला टळेल काय? या प्रश्नाचे उत्तर यादीपेक्षा कुत्रा कोठे जन्मला, कोणी विकला आणि कोणाच्या हाती वाढला याच्या नोंदीत अधिक दडलेले आहे.

यादीचा अनुभव देशाने नुकताच घेतला आहे. १२ मार्च २०२४ रोजी केंद्रीय पशुसंवर्धन मंत्रालयाने राज्यांना परिपत्रक धाडून २३ जातींची आयात, पैदास व विक्री रोखण्यास सांगितले. रॉटवायलर, केन कोर्सो, डोगो अर्जेंटिनो यांच्यासोबत त्या यादीत 'बॅनडॉग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सर्व कुत्र्यांचाही समावेश होता. बॅनडॉग ही एखादी जातच नव्हे. राखणीसाठी संकरातून तयार केलेल्या दांडग्या कुत्र्यांचे ते ढोबळ नाव आहे. महिन्याभरातच, १० एप्रिल रोजी, कर्नाटक उच्च न्यायालयाने हे परिपत्रक रद्द ठरवले. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेता असा निर्णय घेता येत नाही, हा त्या निकालाचा आशय होता. विधानसभेने रीतसर केलेला कायदा परिपत्रकापेक्षा भक्कम असतो हे खरे. पण जात ओळखायची कशी, ही मूळ अडचण कायद्यालाही चुकत नाही.

अमेरिकन पिटबुल टेरियर ही जात एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या मान्य जातींमध्ये नाही. साहजिकच बाजारात 'पिटबुल' म्हणून विकल्या जाणाऱ्या पिल्लाची वंशावळ खात्रीने सांगणारा कागद बहुतेक वेळा कोणापाशीच नसतो. डोके रुंद, छाती भरदार आणि केस आखूड, एवढ्यावरून पंचायतीचा कर्मचारी निर्णय करणार असेल, तर वाद ठरलेलाच. ब्रिटनने १९९१ च्या कायद्यात यावर तोडगा म्हणून कुत्र्याचे कूळ न पाहता त्याची ठेवण पाहण्याचा मार्ग धरला. चार प्रकारांवर बंदी आली. तरी तीन दशकांनंतर 'एक्सएल बुली' हा नवा प्रकार डोईजड झाला आणि २०२३ मध्ये त्याचीही भर त्या यादीत घालावी लागली. नेदरलँड्सने मात्र चाव्यांचे प्रमाण घटले नाही म्हणून २००८ मध्ये आपली जातनिहाय बंदी मागे घेतली. एका नावावर दार लावले की हौस दुसऱ्या नावाने आत येते, हा या अनुभवांचा अर्थ.

स्वभावाचे मूळ जातीत किती आणि संगोपनात किती, यावर संशोधनही बरेच झाले आहे. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती तपासण्यात आली. एकेका कुत्र्याच्या वर्तनातील फरकांपैकी सुमारे ९ टक्केच फरकांचा उलगडा जातीवरून होतो, असे त्यात आढळले. उरलेल्या भागात त्या कुत्र्याचे स्वतःचे आनुवंशिक गुण येतात, तसे वय, वाढ आणि अनुभवही येतात. पिल्लाच्या आयुष्यातील साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ यात निर्णायक असतो. आई आणि भावंडांशी खेळताना आपण किती जोराने चावलो की समोरचा कळवळतो, हे ते याच काळात शिकते. माणसे, मुले, वाहने, फटाके यांची भीतीही याच काळात मोडते. महिन्याचेही न झालेले पिल्लू खोक्यात घालून विकले आणि नंतर आवारात साखळीला बांधून वाढवले, तर जात कोणतीही असो, त्याच्या वागण्याचा भरवसा देता येत नाही.

हे सारे भारतीय कायद्याला ठाऊक नाही असे नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली २०१७ मध्ये श्वान प्रजनन व विक्रीचे नियम लागू झाले. त्यांनुसार प्रत्येक ब्रीडरने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही आणि विकताना त्याला मायक्रोचिप असावी लागते. मादी १८ महिन्यांची होण्यापूर्वी तिचे प्रजनन करता येत नाही. वर्षातून एकाहून अधिक आणि आयुष्यात पाचांहून अधिक वेळा तिला व्यायला लावता येत नाही. ब्रीडरने नोंदवह्या ठेवायच्या, वर्षाकाठी अहवाल द्यायचा आणि घेणाऱ्याला आहार व लसीकरणाची माहिती लेखी पुरवायची. त्यापाठोपाठ २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीही स्वतंत्र नियम आले.

हे नियम काटेकोर पाळले गेले असते, तर कोणता कुत्रा कोठून आला हे मिनिटभरात कळले असते. मायक्रोचिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू. मानेजवळ कातडीखाली बसवली की तिच्यातील १५ अंकी क्रमांक वाचकयंत्रावर उमटतो. तथापि, समाजमाध्यमांवर पिल्लांच्या जाहिराती चाळल्या तर नोंदणी क्रमांक क्वचितच दिसतो. दिसते ते पिल्लाचे छायाचित्र, किंमत आणि घरपोच देण्याची हमी. गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यात ही साखळी आणखी निसटती होते. बेळगाव किंवा सिंधुदुर्गातून पिल्लू गाडीत घालून चेकनाक्यापलीकडे आणायला काही तास पुरतात. जातीवरची बंदी राज्याच्या हद्दीत संपते. व्यवहार मात्र हद्द मानत नाही.

जातिवंत कुत्र्यांच्या जगात याहून शिस्तीची एक परंपरा आहे, तिच्याकडे धोरणकर्त्यांचे फारसे लक्ष जात नाही. श्वानप्रदर्शन म्हणजे श्रीमंतांचा मिरवण्याचा सोहळा, असा समज रूढ आहे आणि काही अंशी तो खराही असेल. परंतु प्रदर्शनाच्या रिंगणात परीक्षक कुत्र्यांची एकमेकांशी तुलना करण्याआधी प्रत्येकाला त्या जातीच्या लिखित मानकाशी ताडून पाहतो. दात, सांधे, पाठीची रेषा, चाल यांबरोबर तो स्वभावही पाहतो. अनोळखी माणसाने तोंड उघडून दात तपासले, अंगावरून हात फिरवला तरी कुत्र्याने शांत उभे राहायचे असते. आक्रमक किंवा अतिभित्रा कुत्रा बाद, ही तरतूद एफसीआयच्या मानकांत स्पष्ट आहे. जर्मनीत तर रॉटवायलरची मूळ संघटना आणखी पुढे जाते: नितंबाच्या सांध्यांची क्ष-किरण तपासणी आणि स्वभावाची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय त्या कुत्र्याला प्रजननाची परवानगीच मिळत नाही. ज्या जातीला येथे हिंस्र म्हटले जाते, तिच्या मायदेशी ती अशा चाळणीतून जाते. येथे तिचे पिल्लू मोबाइलवरच्या चित्रावरून पसंत होते.

अर्थात, प्रदर्शनांचेही दोष आहेत. मानकातील एखादे लक्षण ताणत नेले की कुत्र्याचे हाल होतात. चपट्या नाकाच्या पगचे आणि बुलडॉगचे श्वसनाचे दुखणे त्यातलेच. मोबाइल सेवेच्या एका गाजलेल्या जाहिरातीनंतर पग घरोघर पोहोचला. पण तोंडाने धापा टाकून शरीर थंड राखणाऱ्या प्राण्याला आखूड श्वसनमार्ग आणि कोकण किनाऱ्यावरची दमट हवा हा दुहेरी जाच ठरतो. सैबेरियन हस्की आणि सेंट बर्नार्ड यांच्या दाट केसांचीही येथे तीच गत. पावसाळ्यात त्वचेचे विकार आणि गोचिडांमुळे होणारा ताप यांचा उपद्रव वाढतो. जातिवंत कुत्रा घेण्याचा खर्च किमतीपाशी संपत नाही. तो दहा-बारा वर्षे चालतो, हे घेताना सांगणारा कोणी नसतो.

आणि तो खर्च किंवा कायद्याची धास्ती झेपेनाशी झाली की काय होते? कुत्रा रस्त्यावर येतो. नव्या कायद्यातील सर्वांत मोठा धोका हाच आहे. मुदतीच्या आत नोंदणी न केलेला मालक दंडाच्या भीतीने रात्री गाडी काढून कुत्र्याला किनाऱ्यावर नाही तर घाटात सोडून येऊ शकतो. प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या अधिनियमाखाली गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात दंड आहे १० ते ५० रुपये. हजारो रुपये मोजून आणलेल्या कुत्र्याच्या मालकाला या रकमेची काय मातब्बरी? बांधून वाढवलेला, घाबरलेला, ताकदवान कुत्रा मोकळा सुटणे हे घरात बांधलेल्या कुत्र्याहून कितीतरी अधिक धोक्याचे आहे. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला असताना त्यात ही भर पडणे राज्याला परवडणारे नाही.

यावर उपाय नव्या कल्पनांत शोधण्याची गरज नाही. मिशन रेबीजसोबत राबवलेल्या रेबीजविरोधी मोहिमेत गोव्याने गावोगाव, घरोघर फिरून कुत्र्यांना टोचणी केली आणि भ्रमणध्वनीवर नोंदी ठेवल्या. त्याच यंत्रणेच्या आधारे पाळीव कुत्र्यांची मायक्रोचिप नोंदणी शक्य आहे. पशुसंवर्धन खात्याने नोंदणीकृत ब्रीडरांची यादी जाहीर करावी आणि यादीबाहेरील विक्री हा गुन्हा समजून जाहिरातदारावर कारवाई करावी. मोठ्या, बलदंड कुत्र्यांसाठी जात न पाहता वजन व चाव्याचा पूर्वेतिहास पाहून मुसके, दोरी, कुंपण आणि विमा बंधनकारक करावा. जे मालक पाळू शकत नाहीत, त्यांना कुत्रा सरकारजमा करण्याची दंडमुक्त सोय असावी आणि तो ठेवायला निवारे आधी उभारावेत. निष्काळजी मालकासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ आहेच; त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पहिल्या किरकोळ चाव्याच्या तक्रारीलाच ते लावले गेले, तर जीवघेणा चावा टळण्याची शक्यता वाढते.

बागलकोट जिल्ह्यातील मुधोळचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला मुधोळ हाउंड एकेकाळी विस्मरणात जाण्याच्या बेतात होता. कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने मुधोळजवळ तिम्मापूर येथे केंद्र काढले, पैदाशीच्या नोंदी ठेवल्या आणि शेतकऱ्यांनाही त्यात सामावून घेतले. आज हा शिकारी वंशाचा, चपळ कुत्रा लष्कर आणि सीमा सुरक्षा दलाच्या सेवेत आहे. २०२५ च्या ३१ ऑक्टोबरला वडोदऱ्याजवळच्या एकतानगरातील संचलनात तो देशाने पाहिला. ज्या कुळाने पिढ्यान्‌पिढ्या सावजाचा पाठलाग केला, तेच कूळ नोंद, निवड आणि प्रशिक्षण यांच्या बळावर विश्वासाचे ठरले.

कायद्याचे नियम आणि अधिसूचना यांत या बाबींना जागा देणे सरकारच्या हाती आहे. नाव बदलून येणाऱ्या जातीच्या मागे अधिसूचना धावत राहिली, तर ती नेहमीच एक पाऊल मागे असेल. पिल्लू विकणाऱ्याचा क्रमांक, घेणाऱ्याचा पत्ता आणि कुत्र्याच्या मानेतील चिप या तीन गोष्टी एका नोंदवहीत आल्या, तरच हणजूणमधील त्या मुलाच्या मृत्यूतून राज्याने काही बोध घेतला असे म्हणता येईल.