वाटणींत सांपडलेलीं विमानें

कोंकणांतल्या घराचें छप्पर उतरतें असतें आणि देशावरच्या घराचें धाबें सपाट असतें. याचें कारण गवंड्याच्या लहरींत नसून पावसाच्या मानांत आहे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. घराप्रमाणेंच वाहनावरहि भूमीचा ठसा उमटतो. बैलगाडीचें चाक आणि होडीचा तळ हीं ज्या त्या मुलखाचींच अपत्यें होत. विमान आकाशांत चालणारें, त्याला जमिनीचें बंधन कसलें, असें सहज वाटतें. परंतु विमानाला शेवटीं उतरावयाचें असतें तें जमिनीवरच. आणि म्हणून ज्या देशानें तें घडविलें त्या देशाची माती त्याच्या अंगावर दिसून येते. या गोष्टीचें उत्तम उदाहरण म्हणजे रशियाचीं उतारूंचीं व मालवाहू विमानें. या महिन्यांत त्यांचा परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

केडगावांत बसून रशियन विमानांची उठाठेव कशाला, असें कोणी विचारील. (पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनाचें केडगाव तें दौंडाकडलें, हें केडगाव नगरच्या वेशीवरचें, पुण्याच्या रस्त्यावरचें.) त्याचें उत्तर नगरांतच आहे. नगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, हें भारतीय सैन्याच्या रणगाड्यांचें गुरुकुल. चिलखती दळाचें केंद्र व शाळा येथें आहे, आणि १९९४ सालापासून रणगाड्यांचें संग्रहालयहि आहे. तेथलीं लोखंडी धुडें पाहून एखाद्या मुलानें "हें उडेल काय?" असें विचारलें, तर मोठीं माणसें हंसतील. परंतु प्रश्न हंसण्यासारखा नाहीं. १९६२ सालीं आपले रणगाडे खरोखरच उडाले, आणि ते रशियन विमानाच्या पोटांत बसून उडाले. तें कसें, हें समजण्यासाठीं प्रथम रशियाच्या भूमीकडे पाहिलें पाहिजे.

त्या देशाचा विस्तार एवढा, कीं पश्चिम टोंकाला मध्यान्ह असतां पूर्व टोंकाला रात्र पडलेली असते. हिवाळ्यांत जमीन दगडासारखी गोठते. आणि बर्फ वितळलें म्हणजे रस्त्यांचा असा राडा होतो, कीं त्या ऋतूला रशियन भाषेंत 'रास्पुतित्सा' असें स्वतंत्र नांवच आहे. अशा मुलखांत विमान ही चैन नसून गरज होती. इगोर सिकोर्स्की यानें १९१३ सालीं 'इल्या मुरोमेत्स' नांवाचें चार इंजिनांचें विमान उडविलें. त्यांत बंदिस्त खोली, ऊब देण्याची सोय आणि विजेचे दिवे होते; १९१४ च्या उन्हाळ्यांत तें सेंट पीटर्सबर्गहून कीव्हला जाऊन परत आलें. क्रांतीनंतर सिकोर्स्की अमेरिकेस गेला व हेलिकॉप्टरच्या निर्मितीनें प्रसिद्धि पावला. मागें राहिलेल्यांनीं अमेरिकेच्याच डग्लस विमानाचा परवाना घेऊन 'लिसुनोव्ह-२' बांधलें. पुढें १९४७ सालीं ओलेग अँटोनोव्ह यानें दुहेरी पंखांचें 'अँटोनोव्ह-२' काढलें. तेव्हां बहुतेक जगानें दुहेरी पंख टाकून दिले होते. परंतु आंखूड जागेंत, कमी वेगानें उठावयाचें तर पंखाचें क्षेत्र अधिक हवें, हा साधा हिशेब त्यामागें होता. तें विमान कुरणावरून उठे आणि कुरणावर उतरे.

उतारूंच्या विमानांतहि हीच दृष्टि दिसते. इंग्लंडचें 'कॉमेट' हें जेट विमान अपघातांमुळें १९५४ सालीं बंद ठेवावें लागलें. १९५६ च्या सप्टेंबरांत रशियानें 'टुपोलेव्ह-१०४' सेवेस लावलें, आणि पुढें दोन वर्षें जगांत नियमित चालणारें तेंच एक जेट विमान होतें. बाँबफेकी विमानावरून तें बेतलेलें असल्यामुळें त्याच्या नाकाला कांचा होत्या, व तेथें मार्गदर्शक बसे. आंत मात्र महोगनी लाकूड आणि जाळीदार वस्त्रें असा जुन्या दिवाणखान्याचा थाट होता! १९५८ सालीं दिल्ली व मॉस्को विमानानें जोडलीं गेलीं. १९६७ सालीं लांब पल्ल्याचें 'इल्यूशिन-६२' आलें. १९७२ सालीं 'टुपोलेव्ह-१५४' आलें. या दुसऱ्याच्या प्रत्येक मागल्या पायाला सहा-सहा चाकें होतीं, कारण ओबडधोबड धांवपट्टीवर भार वांटला जावा लागे. याउलट 'टुपोलेव्ह-१४४' हें ध्वनीहून वेगवान विमान. 'कॉन्कॉर्ड'च्या आधीं उडावें या ईर्ष्येनें तें १९६८ च्या शेवटच्या दिवशीं उडविण्यांत आलें. १९७३ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत त्यांपैकीं एक कोसळलें. आणि उतारूंची सेवा १९७७ च्या नोव्हेंबरांत सुरू होऊन अवघ्या ५५ फेऱ्यांनंतर पुढल्या जूनमध्यें संपली. गरजेपोटीं जन्मलेलें टिकलें, मानापमानापोटीं जन्मलेलें टिकलें नाहीं, एवढेंच यावर म्हणावयाचें.

आतां आमच्या रणगाड्यांकडे वळूं. १९६१ सालीं भारतानें 'अँटोनोव्ह-१२' हें मालवाहू विमान घेतलें. त्याची ठेवण पाहण्यासारखी आहे. पंख धडाच्या माथ्यावर, म्हणून चारहि पंखे खड्यांपासून व धुळीपासून दूर. धड जमिनीलगत, म्हणून माल चढविण्यास सोपें. आणि दार शेपटाखालीं, म्हणून गाडी सरळ आंत चालवितां यावी. १९६२ च्या ऑक्टोबरांत चीनचें आक्रमण झालें, तेव्हां लडाखांत चुशुल येथें रणगाडे हवे होते, आणि तेथवर रस्त्यानें ते वेळेवर नेणें अशक्य होतें. चुशुलची उंची १४,००० फुटांहून अधिक. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें सहा-दशांश. म्हणजे इंजिनाला हवा कमी आणि पंखाला आधारहि कमी. त्यामुळें उतरतांना वेग अधिक ठेवावा लागतो, आणि उठतांना धांव लांबते. अशा ठिकाणीं, ऑक्टोबरच्या अखेरीस, चंदीगडहून या विमानांनीं २० लान्सर्स पलटणीचे फ्रेंच बनावटीचे सहा हलके रणगाडे उतरविले. सैबेरियाच्या चिखलासाठीं योजलेली अंगकाठी हिमालयाच्या माळावर उपयोगी पडली. पुढल्याच महिन्यांत यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. त्या काळची ओढाताण महाराष्ट्रांतील वडील मंडळी अजून विसरलेली नाहींत.

परंतु विमानाची थोरवी सांगतांना त्याची किंमतहि सांगितली पाहिजे. १९६८ च्या फेब्रुवारीच्या ७ तारखेस चंदीगडहून लेहकडे निघालेलें एक 'अँटोनोव्ह-१२', हवा बिघडल्यामुळें माघारें वळलें आणि रोहतांगच्या आसपास नाहींसें झालें. त्यांत १०२ माणसें होतीं. अवशेष हातीं लागले ते २००३ सालीं, गिर्यारोहकांना; आणि २०२४ च्या सप्टेंबरांत, म्हणजे ५६ वर्षांनीं, आणखी चौघांचे देह बर्फांतून निघाले. कायदा नाहींशा झालेल्या माणसाची सात वर्षें वाट पाहतो. आपलें धर्मशास्त्र बारा वर्षें वाट पाहून पळसाच्या पानांच्या प्रतिकृतीवर अंत्यविधि करावयास सांगतें. पण मनाला कोणतें शास्त्र मुदत घालून देणार? श्राद्धाला तिथि नाहीं, आणि कपाळींचें कुंकू ठेवावें कीं पुसावें याचा निर्णय नाहीं, अशा स्थितींत ज्या घरांनीं दिवस काढले, त्यांच्या दुःखापुढें यंत्रांचीं वर्णनें फिकीं पडतात.

आतांपर्यंत आम्ही 'रशियन' हा शब्द सैलपणें वापरीत आलों. तो येथें सुधारून घेतला पाहिजे. हीं विमानें एका रशियाचीं नव्हेत. सोव्हिएट संघ नांवाच्या मोठ्या एकत्र कुटुंबाचीं होत. अँटोनोव्हची कचेरी सैबेरियांत नोव्होसिबिर्स्कला निघाली व १९५२ सालीं युक्रेनमध्यें कीव्हला आली. त्याच्या कित्येक विमानांचीं इंजिनें युक्रेनच्याच झापोरिझ्झ्यांतलीं. आमच्या वायुदलानें १९८५ सालापासून वापरलेल्या 'इल्यूशिन-७६' या विमानाची, ज्यास आपण 'गजराज' म्हणतों त्याची, आंखणी मॉस्कोची. पण बांधणी उझबेकिस्तानांत ताश्कंदची, जेथें १९६६ सालीं लालबहादूर शास्त्री निवर्तले. १९९१ सालीं हें कुटुंब मोडलें. एकाकडे आराखडा राहिला, दुसऱ्याकडे कारखाना, तिसऱ्याकडे इंजिन. वाटणींत जातें एका भावाकडे आणि खुंटा दुसऱ्याकडे गेला, तर दळण कोणाच्याच घरीं होत नाहीं, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांना अनुभवानें ठाऊक आहे.

त्या वाटणीची झळ आपल्यालाहि लागली. १९८४ पासून आपल्याकडे असलेलें 'अँटोनोव्ह-३२' तर उष्ण हवेंत व उंच जागीं चालावें, या भारताच्याच गरजेवर नजर ठेवून बनविलेलें. त्याच्या इंजिनांना पंखांच्या माथ्यावर चढवून बसविलें आहे. अशीं शंभराहून अधिक विमानें आपण घेतलीं. त्यांच्या सुधारणेचा करार २००९ सालीं युक्रेनशीं झाला. कांहीं विमानें तिकडे नीट झालीं, बाकींचें काम कानपुरास व्हावयाचें होतें. परंतु २०१४ सालीं दोन भाऊबंदांत वैर पेटलें, आणि सुट्या भागांवांचून तें काम रखडलें. २०२२ च्या युद्धांत कीव्हजवळ होस्तोमेल येथें अँटोनोव्हचें जगांतील सर्वांत मोठें विमान, 'म्रिया', जळून गेलें. 'म्रिया' म्हणजे स्वप्न. खुद्द रशियाहि यांतून सुटला नाहीं. त्याच्या 'सुपरजेट' विमानाचें इंजिन फ्रान्सच्या भागीदारीचें होतें. निर्बंध येतांच पाश्चात्य भाग मिळेनासे झाले, आणि तेंच विमान स्वदेशी भागांनीं पुन्हां घडविण्याची पाळी आली.

या विमानाचा आपल्याशीं नवा संबंध जुळूं पाहत आहे. २०२५ च्या ऑक्टोबरांत हिंदुस्थान एअरोनॉटिक्सनें तें भारतांत बांधण्याविषयीं मॉस्कोंत समझोता केला. उतारूंचें संपूर्ण विमान येथें बांधण्याचा यापूर्वीचा मोठा प्रयत्न म्हणजे कानपूरचें 'अॅव्हरो'. तें काम १९६१ सालीं सुरू होऊन १९८८ सालीं थांबलें. म्हणून या बातमीचें महत्त्व आहे. परंतु तिच्याकडे पाहतांना विमान रशियाचें कीं पश्चिमेचें, हा वाद आम्हांस दुय्यम वाटतो. विचारावयाचें तें हें, कीं त्याचें इंजिन उघडून पुन्हां बसविणारे हात कोणाचे असणार? चाक झिजलें, पंखा तुटला, तर पत्र कोणत्या देशास लिहावें लागणार? आणि त्या देशाच्या घरांत उद्यां भांडण लागलें तर आपलें काय? नाशिकजवळ ओझरला १९६४ सालापासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे. तेव्हां हात नाहींत असें नव्हे. ज्या भूमीवर उतरावयाचें, त्या भूमीला ओळखून घडविलेलें विमान उत्तम, हें रशियानें जगाला दाखविलें. आपल्या भूमीवर उतरणारें विमान दुरुस्त करण्याची विद्या आपल्याच घरीं असावी, हा धडा मात्र त्याच्या वाटणीपासून घ्यावयाचा आहे. पर्वतावर जाणाऱ्या शिपायाच्या घरच्यांना त्याच्या परतण्याची जी काळजी असते, तिच्या पोटांत हाहि एक प्रश्न आहे.