धरणाला जंगल आडवं आलं नाही

पाड्यात बाईला कळा सुरू झाल्या की आपण अजून बांबूला झोळी बांधतो. आळीपाळीने खांदा देत डोंगर उतरायचा. खाली जीप मिळाली तर धडगाव, नाहीतर तिथंच बसा. रस्ता मागितला की साहेब म्हणतो, "वनजमीन आहे, होत नाही."

सरदार सरोवरात अक्कलकुवा-अक्राणीची ३३ गावं घेतली, तेव्हा कुठं गेलं होतं हे जंगल? नदीकाठच्या पायवाटा पाण्यात गेल्या. आता बोटीची वाट बघा!

वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) काय सांगतो? शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा १३ कामांना दरेक वेळी एक हेक्टरच्या आत वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ च्या वर झाडं तुटायला नकोत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. दिल्लीची मंजुरी लागत नाही. पाच मीटर रुंदी धरली तर जवळजवळ दोन किलोमीटर रस्ता बसतो. हे साहेबाला ठाऊक नाही असं कसं म्हणायचं?

बांधकामवाल्यांकडून प्रस्ताव मागा. ग्रामसभेत ठराव लिहा, सह्या-अंगठे घ्या, रेंजरच्या टेबलावर ठेवा. पोच मिळाल्याशिवाय उठायचं नाही.