कोरे पान
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे अर्ज भरणे हे काम आपोआप माझ्याकडे आले. रेशनकार्डात नाव चढवायचे असो की चुलत्यांचा पीकविमा, आळीतले लोकही "ती कॉलेजात जाते ना, तिला विचारा" म्हणून येतात. गेल्या वर्षी मात्र माझाच अर्ज अडला. शिष्यवृत्तीचा. फोनवर पत्ता टाकला, गोल चक्र फिरले आणि पुढे आले ते पांढरेशुभ्र कोरे पान. माळवदावर चढून पाहिले, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन पाहिले (आमच्याकडे रेंज तिथेच बरी असते), रात्री अकराला पाहिले. कोरे ते कोरेच. शेवटी मुदतीच्या आदल्या दिवशी एस.टी.ने तालुक्याला जाऊन नेट कॅफेत अर्ज भरला. आधारचा ओटीपी अण्णांच्या फोनवर येतो आणि बांधकामावर असताना ते फोन उचलत नाहीत, म्हणून त्यांनाही बरोबर यावे लागले. अण्णा गवंडी आहेत. त्यांचा एक खाडा झाला.

तुम्ही म्हणाल, यात लेख लिहिण्यासारखे काय? खेड्यात रेंज नसते हे काही नवे नाही. मलाही तसेच वाटले होते. पण त्याच फोनवर, त्याच टाकीपाशी, बातम्यांची साधी पाने उघडत होती. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी नव्वदच्या दशकारंभी जगातले पहिले वेबपान केले. त्याची जपून ठेवलेली प्रत मी मुद्दाम उघडली, तर ती क्षणात आली. मग इतके जुने पान उघडते आणि कालपरवा केलेला अर्ज का उघडू नये?

उत्तर मिळाले ते तालुक्याच्या संगणक वर्गात. या जूनपासून मी तिथे वेबची पाने करायला शिकते आहे. पानाचा 'सोर्स' कसा पाहायचा ते सरांनी दाखवले, तशी मी घाईघाईने त्या अर्जाचेच पान काढले. त्यात ना अर्ज होता, ना नाव लिहायची जागा. 'रूट' असे नाव दिलेला एक रिकामा कप्पा आणि खाली जावास्क्रिप्टच्या एका फायलीचा पत्ता, बस्स! अर्ज सगळा त्या फायलीत. ती आधी पूर्ण उतरायची, मग फोनने ती वाचायची, चालवायची आणि त्या रिकाम्या कप्प्यात अर्ज उभा करायचा. साधे एचटीएमएल अर्धे आले तरी निदान अर्धे दिसते. ही फाईल अर्धी आली तर काहीच दिसत नाही. शिवाय आमच्यासारख्यांचे स्वस्त फोन ती वाचतानाच दमतात.

ही पद्धत कुणा दुष्टाने काढलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत उभी केली, ती पानाला थोडी हालचाल यावी म्हणून. पुढे २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स आले, आणि सारे पान पुन्हा न मागवता त्यातला हवा तेवढाच भाग बदलता येतो हे लोकांना दिसले. ब्राउझरांची वळणे निरनिराळी, म्हणून २००६ मध्ये जॉन रेसिग यांचे जेक्वेरी आले. फेसबुकने २०१३ मध्ये सर्वांना खुले केलेले रिअ‍ॅक्ट तर मला मनापासून आवडते. माहिती बदलली की पडद्यावर कुठे कुठे काय बदलायचे हे पूर्वी एकेक करून सांगावे लागे, आणि एखादी जागा हमखास राहून जाई. रिअ‍ॅक्टमध्ये 'माहिती अशी असेल तर पडदा असा दिसावा' एवढेच लिहायचे, मधली उठाठेव ते स्वतः करते. ज्या पानावर माणूस तासन्‌तास काम करतो, तिथे हा डोलारा शोभतो. पण नाव, गाव, उत्पन्न आणि बँकेचा खाते क्रमांक विचारणाऱ्या चार ओळींच्या अर्जाला तो कशासाठी?

एकदा अण्णांना मी 'फ्रेमवर्क' म्हणजे काय ते समजावत होते. म्हटले, स्लॅब टाकण्याआधी तुम्ही सेंट्रिंग करता ना, तसे. ते म्हणाले, "मग फळ्या कधी काढता?" मी म्हटले, काढत नाहीत. घराबरोबर फळ्याही गिऱ्हाइकाच्या गळ्यात. अण्णा कितीतरी वेळ हसत होते. (स्वेल्टसारखी काही साधने पुष्कळशा फळ्या आधीच काढून देतात. २०१६ पासून ती आहेत, पण आमच्या वर्गात त्यांचे नाव निघत नाही.)

बरे, या फळ्याही टिकतात म्हणावे तर तेही नाही. गूगलचे अँग्युलरजेएस २०१० चे. २०१६ मध्ये जवळजवळ त्याच नावाचे, पण मुळापासून नवे अँग्युलर आले आणि जुन्याची देखभाल २०२१ च्या अखेरीस थांबली. ज्यांनी नुसते जुनेच पाठ केले होते त्यांना पुन्हा पहिलीत बसावे लागले असणार. आमच्या वर्गाच्या झेरॉक्स नोट्सच्या पहिल्या पानावर 'क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप'ने सुरुवात करा असे छापले आहे. नव्या कामाला ते वापरू नका, असे रिअ‍ॅक्टच्याच मंडळींनी फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले. वर्गाची फी आठ हजार रुपये. आईने ती भिशी उचलून भरली आहे.

आणि परावलंबन किती! मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने नावाच्या वादातून 'लेफ्ट-पॅड' नावाची आपली अकरा ओळींची छोटी करामत सार्वजनिक साठ्यातून काढून घेतली. शब्दाच्या डाव्या बाजूला जागा भरणे एवढेच तिचे काम. ती गेली आणि जगभर मोठमोठ्या मंडळींची कामे अडली, कारण त्यांनी आणलेल्या सामानाच्या सामानात कुठेतरी ती होती. काही तासांत ती परत ठेवली गेली म्हणून निभावले. अकरा ओळी स्वतः लिहिता येऊ नयेत?

म्हणून माझे मत असे आहे की शिकवताना आधी एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट ही भाषा शिकवावी, निदान सहा महिने, आणि फ्रेमवर्क नंतर. भाषा फार बदलत नाही. तिच्यात भर पडते, पण जुनी पाने मोडू नयेत याची काळजी तिचे नियम ठरवणारे घेतात. आणि सरकारी किंवा कॉलेजचा कुठलाही अर्ज सर्व्हरवरच तयार होऊन फोनवर यावा. हे मी काही जगावेगळे मागत नाही. रिअ‍ॅक्ट वापरूनही तसे करता येते. २०१६ मध्ये आलेले नेक्स्ट.जेएस त्याचसाठी निघाले. म्हणजे साधन आहे. फक्त अर्ज करून घेणाऱ्याने टाकीपाशी उभे राहून तो एकदा भरून पाहिलेला नाही.

आत्याचा मुलगा पुण्यात या क्षेत्रात नोकरीला आहे. त्याला हे सारे ऐकवले तर तो म्हणाला, "अगं, जाहिरातीत रिअ‍ॅक्ट लिहिलेलं असतं. नुसती भाषा येते म्हणून तुला कोण बोलावणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. अजूनही नाही. आठ हजारांचा हिशेब मलाही करावा लागतो, आणि बी.ए.च्या पदवीवर पुढे काय, हा प्रश्न आमच्या घरात रोज जेवताना निघतो.

तेव्हा वर्ग मी सोडलेला नाही. रिअ‍ॅक्ट शिकतेच आहे. पण पहाटे, घरातले उठण्याआधी, मी अण्णांच्या हजेरीचे एक पान लिहिले आहे. साधे एचटीएमएल आणि चाळीसेक ओळींची जावास्क्रिप्ट. महिन्याचे दिवस, रोज, उचल आणि खाडे. अण्णांच्या फोनवर ते उघडते. उचलीची बेरीज एका ठिकाणी चुकते आहे, ती या रविवारी पाहायची आहे.