बांध खासगी, संकट सार्वजनिक

नागपूरहून निघून हिंगणघाट ओलांडले, की राष्ट्रीय महामार्गावर वडनेर लागते. गेल्या वैशाखात तेथील एका परिचितांच्या शेतावर जाण्याचा योग आला. त्यांच्या आजोबांनी नाला अडवून घातलेला मातीचा बांध आजही उभा आहे. पाणी तळाला गेले होते, त्यामुळे बांधाचे सर्वांग पाहता आले. पाळीवर बाभळी माजल्या होत्या. पाण्याच्या बाजूचे दगडी पिचिंग ठिकठिकाणी निखळले होते. खालच्या उतारावर घुशींची बिळे होती. आणि ज्या सांडव्यातून पुराचे पाणी निघून जायचे, त्याच्या तोंडाशी माती ओढून गतवर्षी कपाशी लावलेली होती. पऱ्हाट्या अजून उभ्याच होत्या. काळजी बोलून दाखविली, तेव्हा गृहस्थ हसले. ‘‘याले काई होत नाही भाऊ, आजोबाच्या हातचा बांध हाय.’’

आजोबांच्या हाताविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु आजोबांनी बांधला तो बांध आणि आज उभा आहे तो बांध एकच आहे काय? दगडी धरण माथ्यावरून वाहिलेले पाणी बऱ्याच वेळा सोसते. मातीच्या धरणाला ते मुळीच सोसत नाही. सांडवा अपुरा पडला किंवा बुजला, की पाणी माथ्यावर चढते आणि काही तासांत भरावाचा चिखल होतो. दुसरा शत्रू याहून कपटी आहे. बीळ असो वा कुजलेले मूळ, पाण्याला आतून वाट मिळाली की ते कणाकणाने माती घेऊन बाहेर पडू लागते. प्रत्येक मातीचा बांध थोडाफार पाझरतोच. पाझर स्वच्छ असेल तर लक्ष ठेवावे, गढूळ झाला तर मात्र बांध आतून पोखरला जात आहे, असे समजावे. वऱ्हाड-वर्ध्याची काळी माती पाणी अडविण्यास उत्तम, पण उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. म्हणूनच जाणते लोक काळी माती गाभ्यात घालून वरून मुरुमाचे आवरण देत. ते आवरण धुपून गेले, तर मृगाच्या पहिल्या पाण्यात त्या भेगाच वाटा होतात.

‘बांध माझा, शेत माझे, मग इतरांना काय?’ हा युक्तिवाद नवा नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क नावाचे मातीचे धरण एका धनिकांच्या क्लबच्या मालकीचे होते. कार्नेगी आणि फ्रिक यांच्यासारखे उद्योगपती त्याचे सभासद. तळाचे लोखंडी नळ पूर्वीच्या मालकाने काढून विकले होते; क्लबने ते पुन्हा बसविले नाहीत. माथ्यावरून बग्ग्या जाव्यात म्हणून धरणाची उंची कमी केली आणि हौसेने सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. 31 मे 1889 रोजी ते फुटले. खालच्या जॉन्सटाउन परिसरात 2,209 माणसे मेली. क्लबला न्यायालयात एक पैचीही भरपाई द्यावी लागली नाही. यातून तो देश शहाणा झाला म्हणावे, तर मिशिगनमधील एडनव्हिल हे खासगी मातीचे धरण 19 मे 2020 रोजी फुटले. सांडव्याची क्षमता वाढविली नाही म्हणून त्याचा वीजनिर्मितीचा परवाना 2018 मध्येच रद्द झाला होता. परवाना गेला, पाणी मात्र तिथेच राहिले. सुमारे दहा हजार लोकांना वेळीच हलविले, म्हणून जीवितहानी टळली.

याचा अर्थ, सर्व काही शासनाने ताब्यात घ्यावे असा काढणारी मंडळी आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनी आपल्याच विदर्भाकडे पाहावे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील सुमारे सात हजार मालगुजारी तलाव म्हणजे खासगी मातीच्या बांधांचाच इतिहास होय. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने ते बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांचा, असे परंपरा सांगते. मालगुजार सारेच सज्जन होते असे नव्हे. परंतु त्यांचे धानही त्याच पाण्यावर पिकत असल्याने पाळीवर माती पडे, गाळ निघे आणि त्यासाठी गाव एकत्र येई. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे आले. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचे जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे विभागाकडे. गावकरी निस्तार हक्क सांगत राहिले, शासन पाणीपट्टी मागत राहिले आणि या ओढाताणीत पाळीवर माती टाकायची कोणी, हे कोणीच ठरविले नाही. पुष्कळ तलाव गाळाने भरले, कित्येकांवर अतिक्रमणे झाली.

आणि तिवरे? चिपळूण तालुक्यातील ते मातीचे धरण शासनाचेच होते, 2000 मध्ये पूर्ण झालेले. गळतीविषयी ग्रामस्थांनी तक्रारी केल्या होत्या. 2 जुलै 2019 च्या रात्री ते फुटले, वीसहून अधिक माणसे गेली आणि तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी दोष दिला तो खेकड्यांना! खेकडे मातीत बिळे करतात, हे खरेच. पण ती बिळे पाहणे आणि बुजविणे हे कोणाचे काम होते? सरकारात आपल्या विचारांची मंडळी होती, म्हणून हा प्रश्न विचारू नये असे नाही. उलट आपणच तो अधिक स्पष्टपणे विचारला पाहिजे.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा विचार केला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नवे तळे बांधणाऱ्यास पाच वर्षे आणि मोडलेले दुरुस्त करणाऱ्यास चार वर्षे करमाफी सांगितली आहे. मात्र आपत्तीचे कारण नसताना पाच वर्षे जलाशय वापराविना ठेवणाऱ्याचे स्वामित्व संपते, असेही तेथेच म्हटले आहे. म्हणजे मालकी मान्य, पण ती कर्तव्याला बांधलेली. गिरनारच्या पायथ्याचे सुदर्शन सरोवर चंद्रगुप्त मौर्याच्या काळातले. इसवी सन 150 च्या सुमारास वादळी पावसात त्याचा बांध 420 हात रुंद फुटला. मंत्र्यांनी हात टेकले, प्रजा हवालदिल झाली. तेव्हा रुद्रदामनाने प्रजेवर कर वा वेठ न लादता स्वतःच्या कोषातून तो बांधून घेतला. जुनागढचा शिलालेख हे सांगतो. पुढे स्कंदगुप्ताच्या काळात तो पुन्हा फुटला आणि पुन्हा बांधला गेला. सात-आठशे वर्षे सरोवर टिकले ते एकदाच चांगले बांधले म्हणून नव्हे.

आज आपल्याकडे 2021 चा धरण सुरक्षा कायदा आहे. तो खासगी मालकांनाही लागू होतो. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी बंधनकारक करतो. पण तो 15 मीटरहून उंच धरणांसाठी आणि 10 ते 15 मीटरमधील काही ठरावीक धरणांसाठी आहे. वडनेरच्या शिवारातला बांध त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. शेतांतील जुने बांध, कारखान्यांचे साठवण तलाव, अलीकडची भराव उंचावलेली शेततळी यांतली बहुतेक अशीच कायद्याच्या चाळणीतून खाली पडतात. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील अशा बांधांची नोंदवही ठेवावी, मालकाचे नाव, सांडव्याची स्थिती आणि खालच्या अंगाच्या घरांची संख्या तीत लिहावी, ही मागणी फार मोठी नाही. खाली राहणाऱ्याला वर जाऊन बांध पाहण्याचा अधिकारही हवा. अधिकाऱ्यांचा ससेमिरा लावून शेतकऱ्याला छळावे, असा याचा अर्थ नव्हे. दुरुस्तीचा खर्च अनेकांना झेपणारा नाही; तिथे कौटिल्याची करमाफी आजच्या अनुदानाच्या रूपाने यावयास हवी.

11 ऑगस्ट 1979 रोजी मच्छू धरणाचे मातीचे बाजू-भराव वाहून गेले आणि मोरबी शहर बुडाले. कुजलेली प्रेते उचलण्यास कोणी पुढे येईना, तेव्हा स्वयंसेवक चिखलात उतरले. त्या सेवेचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. परंतु प्रेते उचलण्याइतकेच, ज्येष्ठातील एका रविवारी शाखेच्या तरुणांनी गावचे बांध चालून पाहणे, हेही सेवाकार्यच नव्हे काय? भारतीय किसान संघाची उभारणी करणारे दत्तोपंत ठेंगडी याच जिल्ह्यातल्या आर्वीचे. त्यांच्या जिल्ह्यात याचा आरंभ व्हावा.

वडनेरच्या त्या गृहस्थांशी निघताना पुन्हा बोललो. बाभळी नुसत्या तोडून चालणार नाही, मुळे कुजून पोकळी होईल. ती खणून माती धुमसून भरावी लागेल, हे त्यांना पटले. सांडव्याचे मात्र अवघड होते. तो मोकळा करायचा, तर कपाशीची काही तासे सोडावी लागतील, असे ते म्हणाले. बांधाखाली नाल्याच्या काठी किती घरे आहेत, असे मी विचारले. त्यांनी बोटांवर मोजली, अकरा भरली. पेरणीपूर्वी काय ते कळवतो, असे त्यांनी सांगितले आहे.