हिस्सा दहा टक्के, खर्च किती?

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना राज्य सरकारने 2024 साली आणली. तेव्हापासून आपल्या जुन्नर-आंबेगावात, चावडीवर म्हणा की सोसायटीच्या ओट्यावर म्हणा, एकच विचारणा कानावर येते. हिस्सा किती भरावा लागतो? सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के, बाकीचा भार केंद्र आणि राज्य सरकारचा. एवढे आता सगळ्यांना पाठ आहे. पण हा झाला पंपाचा हिशेब. पंपातून निघालेले पाणी पिकाच्या मुळापर्यंत नेण्याचा हिशेब वेगळा असतो, आणि तो कुठल्याही कोटेशनवर छापलेला नसतो.

पंप घेऊ नका असे सांगण्याचा येथे हेतू नाही. उसाला बिबट्या बसलेला असताना रात्री बॅटरी घेऊन दारे धरायला जाणे म्हणजे काय, हे या दोन तालुक्यांतल्या माणसाला वेगळे सांगायला नको. दिवसा पाणी मिळते हीच मोठी गोष्ट आहे. म्हणूनच पंप बसला आणि पैशाअभावी चार महिने नुसता उभा राहिला, असे होता कामा नये.

पहिल्यांदा, जो खर्च तुमचा नाहीच तो बाजूला काढा. पंप, पॅनेल, कंट्रोलर शेतावर आणणे, पाया घेणे, मांडणी करून पाणी काढून दाखवणे हे निवडलेल्या पुरवठादाराचे काम आहे. पाच वर्षे दुरुस्तीची जबाबदारी आणि विमाही त्यात येतो. कोणी ‘खड्ड्याचे तेवढे बघा’, ‘टेम्पोचे भाडे द्या’ असे म्हणू लागला, तर पावती मागा आणि महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज टाका. आपली माणसे हजार-दोन हजारांसाठी वाद नको म्हणून देऊन टाकतात. मग तोच गावचा दर होऊन बसतो.

आता जो खर्च खरोखर आपल्या गळ्यात पडतो तो पाहू. पॅनेलला दिवसभर सावली चालत नाही. विहिरीच्या काठी आंबा, जांभूळ असेल तर एक तर झाड छाटा, नाही तर पॅनेल लांब उभे करा. लांब गेले की केबल वाढली. ठरल्यापेक्षा जास्त लागलेली केबल कोणाच्या खर्चाने, हे संयुक्त पाहणीच्या दिवशीच विचारून कागदावर घ्यावे, नंतर नाही. जागा सपाट नसेल तर जेसीबीचे तास मोजावे लागतात. गुरे, माकडे आणि चोर या तिघांसाठी कुंपण लागते. पुढची पाइपलाइन तर पूर्णपणे आपली.

सगळ्यात मोठा खर्च मात्र साठवणीचा, आणि तोच कोणी धरत नाही. विजेवरचा पंप चालू केला की पहिल्या मिनिटाला जो दाब तोच शेवटच्या मिनिटाला. सौर पंप उन्हाबरोबर चढतो आणि उतरतो. सकाळी आठला आणि दुपारी चारला ठिबकच्या शेवटच्या नळीपर्यंत दाब पोचेलच असे नाही. ढगाळ दिवशी तर विचारूच नका. टोमॅटोवाल्याला हे परवडत नाही. म्हणजे उंचावर टाकी किंवा शेततळे आले, शेततळ्याला प्लास्टिकचा कागद आला. ज्याच्याकडे शेततळे आधीपासून आहे त्याचा प्रश्न सुटला. बाकीच्यांनी हा आकडा नारायणगाव किंवा मंचरच्या दुकानातून लेखी घेऊन मगच हिस्सा भरावा.

खोलीचेही तसेच. पंप किती एचपीचा मिळणार हे जमिनीवर ठरते. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. पाणी किती खोल आहे हे त्यात येत नाही. कुकडीच्या काठी वीस-पंचवीस हातांवर पाणी असलेला दोन एकरवाला आणि आणे पठारावर खोल बोअर घेतलेला दोन एकरवाला, दोघांना तीनच एचपी. पण उपसा दुप्पट खोलीवरून करायचा तर तेवढ्याच उन्हात पाणी निम्म्याच्या आसपास येणार. अर्जावर खोली लिहिताना अंदाजाने आकडा टाकू नका. मे महिन्यातली पातळी धरा. पावसाळ्यानंतरची पातळी धरून पंप घेतला, तर उन्हाळ्यात तो खाली सोडायला पाइप, दोर आणि माणसे लावावी लागतात.

वाट्याच्या विहिरीवर तर पैशाआधी बोलणे करावे. इतर हिस्सेदारांचे स्टॅम्पपेपरवर संमतीपत्र लागते, त्याचा खर्च फार नाही. पण पूर्वी पाळी दिवस-रात्रीत वाटलेली असायची. आता दोन भावांनी एकाच विहिरीवर सौर पंप बसवले तर दोघांनाही ऊन एकाच वेळी मिळणार. विहिरीतला झरा काही वाढलेला नसतो.

आता पश्चिम पट्ट्याकडे वळू. भीमाशंकरच्या बाजूचा किंवा माणिकडोह धरणाच्या वरचा आदिवासी शेतकरी पाच टक्केच भरतो, म्हणून त्याला पंप स्वस्त पडला असे आपण समजतो. हिस्सा निम्मा झाला, पण पाइप निम्म्या भावात मिळत नाही आणि चढही निम्मा होत नाही. ज्याचा वर्षाचा खर्च भात आणि हिरड्यावर चालतो, त्याला वरचा खर्च हिश्श्यापेक्षा जास्त पडू शकतो. गाडी जात नाही तिथे पुरवठादारही दिवस ढकलत राहतो. पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतून 2015 पासून पाच टक्के निधी थेट मिळतो. पायाभूत सुविधा हा त्याचा एक हेतू आहेच. ग्रामसभेने ठराव करून त्यातून वाडीची वाट करून घेतली, तर एका पंपाचे नव्हे, दहा पंपांचे काम होईल.

पैसे कुठून आणायचे? हिश्श्याइतकी तरी रक्कम वेगळी हाताशी असावी, असे आमचे मत आहे, आणि पश्चिमेकडे त्याहून जास्त. ही रक्कम सोसायटीच्या पीककर्जातून मात्र काढू नये. ते कर्ज मुदतीत फिटले तरच व्याजाची सवलत टिकते. पाइपलाइनमध्ये गाडलेला पैसा मार्चअखेर वर येत नाही. उसाचे बिल किंवा कांद्याची पट्टी हातात पडल्यावर हे काम काढावे. थोडे थांबावे लागले तरी चालेल.

तलाठी आणि ग्रामसेवकांची पदनावे 2024 साली बदलली. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे. नाव काही असो, शेतकरी विचारायला त्यांच्याच दारात येतो. त्यांनी दोन कामे मनावर घ्यावीत. विहीर-बोअरची नोंद सातबारावर नाही म्हणून अर्ज अडतो, तेव्हा ती नोंद लवकर व्हावी. आणि ज्यांचे पंप बसले आहेत, त्यांना वरखर्च किती आला याची साधी यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. केबल किती फूट वाढली, जेसीबी किती तास लागला, टाकीला काय पडले, एवढे लिहिले तरी पुरे. ही माहिती गावातच आहे, पण आज ती पारावरच्या गप्पांत विरून जाते आणि नवा अर्जदार पुन्हा ‘हिस्सा किती?’ एवढेच विचारून घरी जातो.