गुण आमचे, बाजार कुणाचा?

१९१७ साली बडोद्यातील अपमान सोसून बाबासाहेब मुंबईला परतले. घर चालवायचे होते. त्यांनी शिकवण्या केल्या आणि शेअर बाजारातील लोकांना सल्ला देणारी एक पेढी काढली. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अभ्यास केलेला आणि पुढे रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारा हा माणूस. त्या वेळच्या मुंबईत या कामाला त्यांच्याहून लायक असे किती जण निघाले असते? गिऱ्हाईक येऊ लागले. मग सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक यायचे थांबले. पेढी बंद करावी लागली.

हा प्रसंग आज आठवण्याचे कारण आहे. गावोगावी उद्योजकता शिबिरे भरतात. तिथे व्याख्याते सांगतात की जिद्द हवी, धोका पत्करण्याची तयारी हवी, नवे काही करण्याची कल्पकता हवी, म्हणजे यश आपोआप मिळते. आपली मुले हे वहीत उतरवून घेतात. पण हे अर्धेच सत्य आहे. आणि 'आता आरक्षण कशाला, उद्योजक व्हा' असे म्हणणाऱ्याच्या हाती पडले की हे अर्धे सत्य फार घातक होते.

आधी त्यातले खरे ते मान्य करू. अर्थशास्त्रज्ञ शुंपिटर यांनी सांगितले की उद्योजकाचे मुख्य काम नवी जुळणी करणे हे आहे. नवा माल, नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाची नवी वाट किंवा कामाची नवी रचना. अकोला जिल्ह्यातून आलेल्या कल्पनाताई सरोज यांनी हेच केले. बालविवाहाचा छळ सोसून त्या मुंबईत आल्या, शिवणकाम केले, सरकारी योजनेतून कर्ज काढून छोटा धंदा उभा केला. कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज ही कंपनी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने कामगारांच्या हाती गेली होती, पण पुढे ती पुन्हा डबघाईला आली. कामगार ताईंकडे आले तेव्हा डोक्यावर ११६ कोटींचे देणे आणि शंभराहून अधिक खटले होते. अशा कंपनीला कुणी हात लावला नसता. ताईंनी देण्यांचे कागद काढले, बँकांना पटवून दंड आणि व्याज माफ करून घेतले आणि कंपनी पायावर उभी केली. २००६ मध्ये त्या अध्यक्ष झाल्या, २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. एक वकील म्हणून सांगतो, कागद वाचण्याची ही चिकाटी कोणत्याही यंत्राइतकीच मोलाची आहे.

दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातील पेडच्या अशोक खाडे यांचे. वडील मुंबईत चपला शिवत. अशोकराव माझगाव डॉकमध्ये शिकाऊ म्हणून लागले, आराखडे काढायला शिकले, पाणबुडीच्या कामासाठी जर्मनीला गेले. पुढे भावांना घेऊन दास ऑफशोअर ही कंपनी काढली आणि समुद्रातील तेलविहिरींची कामे घेतली. त्यांची जिद्द वादातीत आहे. पण हे कौशल्य त्यांना कुठे मिळाले, हेही विचारले पाहिजे. ते सरकारी मालकीच्या गोदीत मिळाले, जिथे चांभाराच्या मुलाला दार बंद नव्हते.

याउलट मुंबईच्या कापड गिरण्या आठवा. तिथे विणकाम खात्यात मजुरी जास्त होती. पण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून त्या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. ज्याला मागाजवळच उभे राहू दिले नाही, त्याने मागात नवी सुधारणा कशी करायची? कल्पकता हवेत जन्मत नाही. हाताला अवजार लागते, तेव्हा डोके चालते.

'धंदा रक्तात असावा लागतो' असे म्हणणाऱ्यांना उत्तर फार पूर्वीच मिळाले आहे. १९६४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी आंध्रातील काकीनाडा येथील व्यापारी-उद्योजकांना कर्तृत्वाची प्रेरणा वाढवण्याचे प्रशिक्षण दिले. प्रशिक्षणानंतर ते धंद्यात अधिक धडाडीने वागू लागल्याचे दिसले. म्हणजे हे गुण शिकवता येतात. जन्मावर आधारलेल्या गुणवत्तेचा सिद्धांत तिथेच कोसळतो. मात्र त्या वर्गात बसलेले लोक आधीच धंद्यात होते, हे विसरू नका. ज्याच्याकडे दुकान नाही, तारण नाही आणि उधारीवर माल देणारा नातेवाईक नाही, त्याची प्रेरणा वाढवून तो काय विकणार?

आकडे हेच सांगतात. २००५ च्या आर्थिक गणनेत देशातील उद्योगांपैकी ९.८ टक्के अनुसूचित जातींच्या मालकीचे होते. लोकसंख्येत वाटा १६ टक्क्यांहून अधिक. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातील आघाडीच्या एक हजार कंपन्यांच्या संचालकांपैकी सुमारे ९३ टक्के उच्च जातींचे आढळले. जिद्द आणि कल्पकता या ९३ टक्क्यांतच जन्म घेते काय?

म्हणून बाजाराचे दार कायद्याने उघडावे लागते. तसा कायदेशीर आदेश आहे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालये, खाती आणि सार्वजनिक कंपन्यांनी वार्षिक खरेदीचा ठरावीक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा. तो आधी २० टक्के होता, २०१८ च्या दुरुस्तीने २५ टक्के झाला. त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी राखीव आहेत. प्रत्यक्ष खरेदी मात्र या ४ टक्क्यांच्या बरीच खाली राहत आली आहे. का? त्याच आदेशात एक पळवाट आहे. असे उद्योजक निविदेत आले नाहीत किंवा अटी पूर्ण करू शकले नाहीत, तर तो हिस्सा इतर लघुउद्योगांकडून भरून काढता येतो. नोकरीतील 'योग्य उमेदवार मिळाला नाही' हे जुने वाक्य इथे नव्या कपड्यांत आले आहे.

दुसरा रोग आपल्याच घरात आहे. एक तरुण माझ्याकडे नोटीस घेऊन आला. कागदोपत्री तो भागीदारीत ५१ टक्क्यांचा मालक. प्रत्यक्षात दरमहा ठरलेली रक्कम घेऊन सह्या करणारा. धंदा चालवणारा दुसराच. कर थकला तेव्हा नोटीस मात्र याच्या नावाने आली. मी विचारले, "बाबा, हिशेबाची वही कधी पाहिलीस का?" तो म्हणाला, "साहेब, मला ती कुणी दाखवलीच नाही." आपल्या हक्काचा हिस्सा असा भाड्याने देणे म्हणजे आपल्याच मुलांचे दार आपण लावून घेणे आहे.

तेव्हा बांधवांनो, दोन्ही बाजूंनी काम करावे लागेल. मुलांना हिशेब, निविदेचे कागद आणि हाताचे कौशल्य शिकवू. सही करण्यापूर्वी वाचायला शिकवू. आणि त्याच वेळी आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक केंद्रीय कार्यालयाला व सार्वजनिक कंपनीला माहितीच्या अधिकारात विचारू की गेल्या तीन वर्षांत तुमची एकूण खरेदी किती, त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून किती, आणि उरलेला हिस्सा कुणाला गेला? अर्जाला दहा रुपये लागतात. ती पळवाट बंद करण्याची मागणी या उत्तरांच्या आधारे करता येईल.

बाबासाहेबांच्या पेढीत गुणांची उणीव नव्हती. उणीव होती ती दार उघडणाऱ्या कायद्याची. ते कायदे करण्याचा पाया त्यांनी आपल्याला दिला. आता तो वापरायचा की शिबिरात टाळ्या वाजवून घरी जायचे, हे आपण ठरवायचे आहे.